उंदरांवरच्या फ्लूचा शोधनिबंध कोणत्या क्रमाने वाचावा: विषाणूरोधक प्रथिनांचे दावे तपासण्याची पद्धत

"हे प्रथिन नसलेले उंदीर फ्लूने दगावले, म्हणजे हे प्रथिन आपल्याला फ्लूपासून वाचवते." एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये, जर्नल क्लबमध्ये आणि दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांत हे वाक्य थोड्याफार फरकाने सतत भेटते. कधी ते खरे असते, कधी अर्धेच खरे. पण उंदीर कोणत्या जातीचे होते, विषाणू कोणता होता आणि प्रथिन "नव्हते" म्हणजे नेमके काय केले होते, असे विचारले की बहुतेकदा उत्तर मिळत नाही. वाचनाचा क्रमच चुकलेला असतो. आधी सारांश, मग पहिली आकृती, मग थेट निष्कर्ष. प्रयोगपद्धतीचा भाग राहूनच जातो. या विषयात मात्र निष्कर्षाचा अर्थ प्रयोगपद्धतीवरच ठरतो.

पुढची पद्धत निबंध वाचणाऱ्यांसाठी आहे: सेमिनार देणारे विद्यार्थी, नव्याने पीएच.डी.ला लागलेले संशोधक, विज्ञानविषयक बातम्या लिहिणारे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. दुसरा आणि तिसरा टप्पा ओलांडून चौथ्यावर गेलात तर पुढचे सगळे वाचन चुकीच्या गृहीतकावर उभे राहते.

## पूर्वतयारी

निबंधासोबत त्याची पुरवणी फाइलही उतरवून घ्या. उंदरांचे वय, नर की मादी, प्रत्येक गटात किती, प्रयोग किती वेळा केला, ही माहिती बऱ्याचदा तिथेच असते.

एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: प्राणी, विषाणू, प्रथिनात केलेला बदल, काय मोजले, कोणत्या दिवशी मोजले. हे रकाने भरेपर्यंत निबंधातला चर्चेचा भाग उघडायचा नाही.

मग त्या प्रथिनाची किमान ओळख करून घ्या. ते कुठे बसते, कायम असते की इंटरफेरॉनच्या (संसर्ग झालेली पेशी इतर पेशींना सावध करायला सोडते त्या प्रथिनाच्या) इशाऱ्यानंतरच तयार होते, आणि विषाणूचा कोणता टप्पा अडवते, एवढे तीन प्रश्न पुरेत. वारंवार भेटणाऱ्या चार प्रथिनांची उत्तरे अशी आहेत.

एमएक्स१: उंदरात हे पेशीच्या केंद्रकात असते. इंटरफेरॉनचा इशारा मिळाल्याशिवाय ते जवळपास तयारच होत नाही. विषाणूच्या जनुकांच्या प्रती निघण्याचे काम ते सुरुवातीलाच रोखते.

आयएफआयटीएम३: एंडोसोम नावाच्या पेशीतल्या पिशव्यांच्या पटलात बसते. काही पेशींत आधीपासून असते आणि इंटरफेरॉनने वाढते. विषाणूचे आवरण त्या पटलाशी एकजीव होऊ देत नाही, त्यामुळे विषाणूचा ऐवज पेशीत उतरत नाही.

सर्फॅक्टंट प्रथिन डी: हे फुफ्फुसातल्या द्रवात असते. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिनला लागलेल्या शर्करा-साखळ्यांना ते चिकटते.

रिग-आय: हे स्वतः विषाणूला अडवण्यापेक्षा वर्दी देण्याचे काम करते. विषाणूचा आरएनए ओळखते आणि त्यातून इंटरफेरॉन तयार होण्याची साखळी सुरू होते.

हा फरक आधी मनात पक्का करा. वर्दी देणारे प्रथिन काढले तर त्याच्या इशाऱ्यावर तयार होणारी शेकडो प्रथिने एकदम कमी होतात. अडवणारे एक प्रथिन काढले तर एकच अडथळा जातो. दोन्ही प्रयोगांत उंदीर आजारी पडतील, पण दोन्हींचा अर्थ एक नाही.

## टप्पा १: दावा एका वाक्यात लिहा

शीर्षक आणि सारांश वाचून दावा स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिताना क्रियापदाकडे लक्ष ठेवा. "संबंधित आहे", "आवश्यक आहे" आणि "पुरेसे आहे" हे तीन वेगवेगळे दावे आहेत. प्रथिन काढल्यावर आजार वाढला, तर ते आवश्यक असल्याचा पुरावा मिळतो. प्रथिन नसलेल्या उंदराला ते परत दिल्यावर आजार कमी झाला, तर ते पुरेसे असल्याकडे पाऊल पडते. आजारी उंदरात ते प्रथिन वाढलेले दिसले, तर फक्त संबंध कळतो. फ्लूच्या संसर्गात इंटरफेरॉनमुळे शेकडो जनुके वाढतात आणि त्यातली सगळीच विषाणूला अडवत नाहीत.

हे वाक्य बाजूला ठेवा. शेवटच्या टप्प्यात ते पुन्हा लागणार आहे.

## टप्पा २: उंदीर कोणता, हे आधी पाहा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

प्रयोगशाळेत सर्वात जास्त वापरले जाणारे दोन वंश म्हणजे सी५७ब्लॅक/६, ज्याला सगळे "ब्लॅक सिक्स" म्हणतात, आणि बाल्ब/सी. या दोन्हींत एमएक्स१ जनुकाचा मोठा तुकडा गळालेला आहे आणि कामाचे प्रथिन तयारच होत नाही. सीबीए/जे या वंशात दोष वेगळा, पण परिणाम तोच. प्रयोगशाळेतल्या बहुसंख्य शुद्ध वंशांची हीच अवस्था आहे. जीन लिंडेनमन यांनी १९६२ मध्ये ए२जी या वंशाचे उंदीर फ्लूला दाद देत नाहीत हे नोंदवले, आणि त्यातूनच पुढे या जनुकाचा शोध लागला. ए२जी आणि अनेक रानटी उंदरांत ते जनुक शाबूत असते.

म्हणजे ज्या उंदरांवर जगभर फ्लूचा अभ्यास होतो, त्यांच्यात फ्लूविरुद्धचे एक प्रमुख अस्त्र जन्मतःच नसते. त्यांच्यावर एखाद्या दुय्यम प्रथिनाचे मोल ठरवणे म्हणजे कुंपण नसलेल्या शेतात राखणदार किती कामाचा हे मोजणे. राखणदाराचे काम खरेच असते, पण कुंपण असताना ते किती लागले असते हे त्या मोजमापातून कळत नाही.

याचा उलटा फटकाही बसतो. ब्लॅक सिक्समधून इंटरफेरॉनचा ग्राहक, म्हणजे त्याचा इशारा टिपणारे पेशीवरचे प्रथिन, काढून टाकला, तरी फ्लूच्या आजारात अपेक्षेपेक्षा कमी फरक दिसू शकतो. त्यावरून "फ्लूत इंटरफेरॉन फारसे कामाचे नाही" असे म्हणणे चूक ठरते, कारण इंटरफेरॉन ज्या एमएक्स१ला कामाला लावते तेच तिथे नाही. तोच ग्राहक एमएक्स१ शाबूत असलेल्या उंदरातून काढला की फरक ठळक होतो. त्यासाठी ब्लॅक सिक्सच्या पार्श्वभूमीवर ए२जीचे जनुक आणलेले उंदीर तयार केलेले आहेत, निबंधात त्यांचे नाव "बी६.ए२जी-एमएक्स१" असे येते. हे नाव दिसले तर रकान्यात ठळक खूण करा. माणसातले समकक्ष प्रथिन, एमएक्सए, शाबूत असते, त्यामुळे या बाबतीत हे उंदीर आपल्याला अधिक जवळचे आहेत.

एमएक्स१ असले म्हणून उंदीर अभेद्य होत नाही, हेही लक्षात असू द्या. ते इंटरफेरॉनच्या इशाऱ्यानंतर तयार होते. विषाणू त्याआधीच भराभर वाढला तर प्रथिन उशिरा पोचते.

वंशांत इतरही फरक आहेत. डीबीए/२जे हा वंश ब्लॅक सिक्सपेक्षा फ्लूला कितीतरी जास्त बळी पडतो, आणि एमएक्स१ दोघांतही निकामी आहे. म्हणजे इतर जनुकेही मोठा वाटा उचलतात. मादी आणि नर यांच्यात आजाराची तीव्रता वेगळी असू शकते. वयाचाही परिणाम होतो. "उंदीर वापरले" एवढेच लिहिलेला निबंध अपुरा समजा.

तपासा: वंशाचे पूर्ण नाव लिहिले आहे का? "ब्लॅक सिक्स" म्हणजे "जे" उपवंश की "एन"? हे दोन्ही उपवंश अनेक दशके वेगळे वाढले आहेत आणि त्यांच्यात जनुकीय फरक साठले आहेत. प्रथिन काढलेला गट "एन" आणि तुलनेचा गट "जे" असेल, तर दिसलेला फरक कुणाचा हे सांगता येत नाही.

सावधान: निबंधात एमएक्स१चा उल्लेखच नसेल, तर तो वंश निकामी एमएक्स१चा आहे असे धरून चाला आणि तसे कागदावर लिहा.

## टप्पा ३: विषाणूचे नाव उलगडा

इन्फ्लुएन्झाच्या नावात क्रम ठरलेला असतो: प्रकार, कुठे सापडला, क्रमांक, वर्ष, आणि शेवटी उपप्रकार. ए/पोर्तो रिको/८/१९३४, एच१एन१ हे नाव वाचले की तो १९३४ मध्ये पोर्तो रिकोत मिळालेला विषाणू आहे हे कळते. नावात प्रकारानंतर प्राण्याचा उल्लेख असेल, तर तो त्या प्राण्यातून मिळालेला आहे. प्राण्याचा उल्लेख नसेल, तर तो माणसातून मिळालेला.

हाच तो "पीआर८". तो उंदरात आणि कोंबडीच्या अंड्यात पिढ्यान्पिढ्या वाढवलेला असल्यामुळे उंदराला चांगलाच बाधतो. माणसांतून मिळालेले बहुतेक हंगामी फ्लू विषाणू उंदराला सहज बाधत नाहीत. त्याचे एक कारण असे: माणसाचे विषाणू ज्या प्रकारच्या सियालिक आम्लाला (पेशीवरच्या ज्या शर्करेला विषाणू चिकटतो ती) पसंती देतात, ते आपल्या वरच्या श्वसनमार्गात भरपूर असते, उंदराच्या श्वसनमार्गात मात्र दुसऱ्या प्रकारचे प्रमाण जास्त असते. दुसरा नेहमीचा विषाणू एक्स-३१. त्याचे बाहेरचे दोन घटक १९६८ च्या एच३एन२ विषाणूचे आणि आतले घटक पीआर८चे. तो उंदरात पीआर८पेक्षा सौम्य असतो. सौम्य विषाणूवर प्रथिन नसलेले उंदीर गंभीर आजारी पडले, तर ती बाब लक्षणीय असते, कारण तुलनेचे उंदीर बरे होत असतात आणि फरक मोजायला जागा राहते.

प्रथिन आणि विषाणू यांची जोडी जुळते का, हा या टप्प्यातला खरा प्रश्न. सर्फॅक्टंट प्रथिन डी हे उत्तम उदाहरण आहे. ते हिमॅग्लुटिनिनवरच्या शर्करा-साखळ्यांना पकडते, आणि पीआर८च्या हिमॅग्लुटिनिनच्या डोक्यावर अशा साखळ्या नसतात. त्यामुळे पीआर८ या प्रथिनाला जवळपास जुमानत नाही. केवळ पीआर८ वापरून "हे प्रथिन फ्लूत निरुपयोगी" असा निष्कर्ष काढलेला दिसला, तर तो निष्कर्ष त्या एका विषाणूपुरता आहे. भरपूर साखळ्या असलेल्या विषाणूवर चित्र पालटते.

मात्रेचे एकक पाहा. फलक-निर्मिती एकक म्हणजे पीएफयू (फलक म्हणजे पेशींच्या थरात विषाणूने पाडलेले भोक), पेशींवर मोजलेली टीसीआयडी५०, अंड्यात मोजलेली ईआयडी५० आणि निम्मे उंदीर मारणारी घातक मात्रा एलडी५० ही चार वेगळी मापे आहेत. एका निबंधातले हजार पीएफयू आणि दुसऱ्यातले हजार ईआयडी५० शेजारी ठेवून तुलना करू नका. एलडी५० तर उंदराच्या वंशावरही अवलंबून असते. मात्रा फार जास्त असेल तर दोन्ही गट दगावतात आणि प्रथिनाचा परिणाम झाकला जातो. फार कमी असेल तर कोणीच आजारी पडत नाही. "फरक आढळला नाही" असे लिहिलेले दिसले की आधी हीच शंका घ्या.

तपासा: द्रव नाकातच राहिला की फुफ्फुसात उतरला? उंदीर गुंगीत होता की जागा, आणि थेंब किती मोठा होता, यावर ते ठरते. नाकातला संसर्ग आणि फुफ्फुसातला संसर्ग यांत वेगवेगळी प्रथिने महत्त्वाची ठरू शकतात. श्वसनमार्गाच्या पृष्ठपेशींवर लॅम्डा या प्रकारच्या इंटरफेरॉनचा ग्राहक मुबलक असतो, म्हणून वरच्या श्वसनमार्गाच्या संरक्षणात लॅम्डाचा वाटा मोठा मानला जातो.

सावधान: पीआर८ हे नाव सगळीकडे सारखे असले, तरी वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले साठे सारखे नसतात. दशकानुदशके वेगळे वाढवल्यामुळे त्यांची उंदरातली तीव्रता बदललेली आहे. साठा कुठून आला हे लिहिले आहे का ते पाहा.

## टप्पा ४: प्रथिनात नेमका कोणता बदल केला

आता तिसरा रकाना भरा. बदलाचे चार प्रकार भेटतात: जनुक काढून टाकणे, माणसाचे जनुक उंदरात घालणे, प्रथिनाचे प्रमाण वाढवणे, किंवा तयार प्रथिन नाकातून देणे.

जनुक काढून टाकलेल्या उंदरांत तुलनेचा गट कोणता, यावर सगळे ठरते. सर्वात विश्वासार्ह तुलना एका वेतातल्या पिल्लांची. आई-बाप दोघांत जनुकाची एक प्रत शाबूत आणि एक निकामी असेल, तर त्यांच्या एकाच वेतात जनुक असलेली आणि नसलेली पिल्ले मिळतात. आई एक, पिंजरा एक, आतड्यातले जीवाणूही बहुतांशी एक. हे शेवटचे किरकोळ वाटते, पण प्रतिजैविके देऊन आतड्यातले जीवाणू मारलेल्या उंदरांत फ्लूविरुद्धचा प्रतिसाद कमकुवत होतो हे २०११ मध्ये दाखवले गेले आहे. जनुक नसलेले उंदीर स्वतःच्या प्राणिगृहात वाढवलेले आणि तुलनेचे उंदीर बाहेरून विकत आणलेले असतील, तर फरकाचे श्रेय जनुकाला देण्याआधी थांबा.

जुन्या उंदरांत आणखी एक अडचण असते. जनुक काढण्याचे काम अनेकदा १२९ या वंशाच्या मूलपेशींत व्हायचे आणि नंतर ब्लॅक सिक्सशी संकर व्हायचे. काढलेल्या जनुकाच्या आजूबाजूची १२९ची जनुके मात्र पिढ्यान्पिढ्या सोबत येतात. आयएफआयटीएमसारख्या कुटुंबात, जिथे भावंड-जनुके गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेली आहेत, तिथे शेजारच्या जनुकाला धक्का लागला नाही ना, हे दाखवलेले असावे.

तयार प्रथिन नाकातून दिले असेल, तर ते कशात बनवले ते शोधा. जीवाणूंत बनवलेल्या प्रथिनासोबत त्या जीवाणूंच्या आवरणातले विष, म्हणजे एन्डोटॉक्सिन, येऊ शकते. एन्डोटॉक्सिन स्वतःच फुफ्फुसातली प्रतिकारयंत्रणा जागी करते. असे अशुद्ध प्रथिन संसर्गाच्या आदल्या दिवशी दिले, तर उंदीर वाचतीलही, पण वाचवणारे कोण हे कळणार नाही. एन्डोटॉक्सिनची मोजणी आणि उष्णतेने निकामी केलेल्या प्रथिनाचा तुलना-गट, दोन्ही हवेत.

वेळही इथेच टिपा. संसर्गाआधी दिले की नंतर? किती तासांनी? इंटरफेरॉनबाबत हा फरक जिवावर बेतणारा आहे. आधी दिले तर ते विषाणूला रोखते. पण इंटरफेरॉनचा इशारा लांबला, तर फुफ्फुसाच्या पृष्ठपेशींची दुरुस्ती अडते, हे २०२० मधल्या उंदरांवरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. "इंटरफेरॉन चांगले" किंवा "वाईट" असे वेळेविना लिहिलेले वाक्य सेमिनारमध्ये वापरू नका.

## टप्पा ५: काय मोजले आणि कोणत्या दिवशी

उंदीर फ्लूत माणसासारखा शिंकत-खोकत नाही. त्याला तापही चढत नाही. गंभीर आजारात उलट अंगाचे तापमान उतरते. म्हणून वजनातली घट हे मुख्य माप धरतात. मृत्यूचा आलेख बघताना एक गोष्ट शोधा: ठराविक मर्यादेपेक्षा वजन घटले की उंदराला वेदनारहित मरण दिले जाते, आणि ती नोंद "मृत्यू" म्हणूनच होते. ही मर्यादा काही ठिकाणी २० टक्के असते, काही ठिकाणी २५, काही ठिकाणी त्याहून जास्त. वेगळ्या मर्यादा असलेल्या दोन निबंधांतले मृत्यूचे प्रमाण शेजारी ठेवता येत नाही.

फुफ्फुसातला विषाणू मोजताना जिवंत विषाणू मोजला की त्याचा आरएनए? फलकांची मोजणी फक्त संसर्गक्षम विषाणू दाखवते. आरटी-पीसीआर निकामी कणांचा आणि पेशींत उरलेल्या तुकड्यांचा आरएनएही मोजते. आरएनए सारखा आणि फलक कमी, असे दिसले तर विषाणू तयार होतो पण निकामी निघतो अशी शक्यता उभी राहते; ही विसंगती दुर्लक्षून पुढे जाऊ नका, त्यातच प्रथिनाच्या कामाचा धागा असू शकतो.

दिवस तर फारच महत्त्वाचा. जन्मजात प्रतिकाराचे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसते. साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून फुफ्फुसात बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशींची फौज उतरते. केवळ सातव्या दिवशी विषाणू मोजून "जन्मजात प्रथिनाने विषाणू रोखला" असे म्हटले असेल, तर तो परिणाम टी पेशींच्या वाटेनेही झालेला असू शकतो.

तपासा: पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवसाच्या आसपासची मोजमापे आहेत का? एकच दिवस असेल तर दावाही त्या दिवसापुरता धरा.

## टप्पा ६: आकडे

हा टप्पा लवकर उरकतो. विषाणूच्या प्रमाणाचा अक्ष दहाच्या घातांकात आहे ना, ते पाहा. आलेखावर मोजणीच्या किमान मर्यादेची तुटक रेषा आहे का, आणि बरेच ठिपके त्याच रेषेवर बसले आहेत का? तसे असेल तर तिथली सरासरी फसवी असते. संख्या उंदरांची आहे की त्यांच्या फुफ्फुसातून काढलेल्या नमुन्यांची? एका उंदराचे तीन नमुने म्हणजे तीन उंदीर नव्हेत. एका गटाचे सगळे उंदीर एकाच पिंजऱ्यात असतील तर पिंजऱ्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. ऊतींचे परीक्षण करणाऱ्याला गट माहीत नव्हता, असे लिहिलेले असावे.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत याच्या अराइव्ह मार्गदर्शक सूचना २०१० मध्ये आल्या आणि २०२० मध्ये सुधारल्या. त्यातली दहा अत्यावश्यक कलमे छापून ठेवा आणि त्यांच्याशी पडताळा. भारतात झालेल्या कामात संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीचा उल्लेख असायलाच हवा.

## टप्पा ७: विषाणू कमी झाला की इजा कमी झाली

सेमिनारमध्ये या टप्प्यावर सर्वात जास्त गोंधळ होतो. उंदीर वाचण्याचे दोन मार्ग आहेत. प्रथिन विषाणूची वाढ रोखते, म्हणून फुफ्फुस वाचते. किंवा विषाणू तेवढाच राहतो, पण शरीराचा दाह आवरला जातो आणि फुफ्फुसाची नासधूस कमी होते. वजनाचा आणि मृत्यूचा आलेख दोन्हींत एकसारखा दिसतो.

म्हणून वजनाचा आलेख आणि त्याच दिवसाचा विषाणूचा आलेख शेजारी ठेवा. प्रथिन नसलेल्या गटात विषाणू वाढला आणि आजारही वाढला, तर "विषाणूरोधक" हा शब्द योग्य. विषाणू सारखाच पण आजार वाढला, तर ते प्रथिन दाहाला आवर घालणारे असेल. त्याला विषाणूरोधक म्हणणे घाईचे आहे. विषाणू वाढला पण आजार कमी झाला, तर प्रथिन स्वतःच नुकसानीला हातभार लावत असण्याची शक्यता आहे. अशी उदाहरणे खरोखर आहेत: १२९ वंशाच्या उंदरांत फ्लूच्या वेळी पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन भरमसाट वाढते आणि त्याचाच ग्राहक काढला की उंदरांची अवस्था सुधारते, हे २०१४ मध्ये दाखवले गेले.

विषाणू आणि आजार, दोन्ही एकाच प्रयोगात, एकाच दिवशी मोजलेले नसतील तर हा टप्पा कोराच सोडा आणि "यंत्रणा सिद्ध नाही" असे लिहा. रिकामा रकाना हेही उत्तरच आहे.

## टप्पा ८: उंदरापासून माणसापर्यंत

आता आणि आताच चर्चेचा भाग उघडा.

उंदराचे एमएक्स१ केंद्रकात बसते, माणसाचे एमएक्सए पेशीद्रवात. नाते जवळचे, पण विषाणूला गाठण्याची जागा वेगळी. त्यामुळे एमएक्स१वरचा निष्कर्ष एमएक्सएवर जसाच्या तसा ठेवता येत नाही. पुढची पायरी म्हणजे माणसाचे एमएक्सए घातलेले उंदीर. त्यांचा अहवाल २०१७ मध्ये आला. त्याही पुढची पायरी माणसांतली: चीनमध्ये एच७एन९ बर्ड फ्लू झालेल्या काही रुग्णांत याच जनुकाचे दुर्मीळ, निकामी प्रकार आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी, उंदीर, माणसाचे जनुक घातलेला उंदीर आणि रुग्ण, अशी सलग साखळी जमली की दावा भक्कम होतो.

आयएफआयटीएम३ची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. २००९ मध्ये पेशींवरच्या चाचणीतून हे प्रथिन पुढे आले. २०१२ मध्ये उंदरांवर पुरावा मिळाला: सौम्य एक्स-३१ विषाणूनेही जनुक नसलेल्या उंदरांचे वजन २५ टक्क्यांहून अधिक घटले, तर तुलनेचे उंदीर सावरले. विषाणूही जास्त आणि इजाही जास्त. उंदरांपुरता हा पुरावा चांगला होता आणि आजही टिकून आहे. त्याच निबंधात रुग्णालयात दाखल झालेल्या ५३ रुग्णांत या जनुकातल्या आरएस१२२५२ या ठिकाणचा "सी" प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला, आणि त्यामुळे प्रथिन तोकडे बनत असावे असा तर्क मांडला गेला. नंतरच्या अभ्यासांत मात्र असे तोकडे प्रथिन रुग्णांच्या पेशींत सापडले नाही, आणि जनुकप्रकाराचा फ्लूच्या तीव्रतेशी संबंध सगळ्या लोकसमूहांत सारखा दिसला नाही. हा "सी" प्रकार युरोपीय लोकांत दुर्मीळ, तर हान चिनी लोकांत सर्रास असल्याने तुलनेचा समूह चुकला की निष्कर्षही चुकतो. म्हणजे एकाच निबंधातला उंदरांचा भाग पक्का आणि माणसांचा भाग वादात, असे घडू शकते. दोन्ही भागांना वेगळे गुण द्या.

उंदराऐवजी दुसरा प्राणी असेल तर त्याची बलस्थाने लिहून ठेवा. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला माणसाचे विषाणू बदल न करता बाधतात, त्याला ताप येतो, तो शिंकतो. पण जनुक काढलेले फेरेट आणि त्यांच्यासाठीची चाचणी-साधने कमी आहेत. कॉटन रॅट या उंदीरवर्गीय प्राण्यात एमएक्स जनुके शाबूत असतात. गिनीपिग फारसा आजारी पडत नाही, पण विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे पाहायला उपयोगी.

पक्ष्यांबाबत विशेष जपा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ आढळल्यापासून आपल्याकडे बर्ड फ्लूच्या बातम्यांत उंदरांवरचे निष्कर्ष कोंबड्यांना लावलेले दिसतात. कोंबडीत रिग-आय जनुकच नाही. बदकात ते आहे, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. उंदरात रिग-आय काढून मिळालेला निष्कर्ष कोंबडीला "लागू" करण्याला त्यामुळे अर्थच उरत नाही.

## टप्पा ९: तुमचा निष्कर्ष लिहा

पहिल्या टप्प्यात लिहिलेले वाक्य काढा आणि रकान्यांतून जे हाती आले त्याने ते दुरुस्त करा. सुरुवातीला "आयएफआयटीएम३ फ्लूपासून वाचवते" असे लिहिले असेल, तर दुरुस्त वाक्य असे होईल: "एमएक्स१ निकामी असलेल्या उंदरांत आयएफआयटीएम३ नसताना सौम्य एच३एन२ विषाणूही जास्त वाढतो आणि फुफ्फुसाला जास्त इजा करतो." वाक्य लांबते, त्याला हरकत नाही. वंश, विषाणू आणि मोजलेली गोष्ट, तिन्ही त्यात असायला हवीत. सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर हेच वाक्य ठेवा, निबंधाचे शीर्षक नव्हे. बातमी लिहीत असाल तर "उंदरांत" हा शब्द मथळ्यातच घ्या. तो शेवटच्या परिच्छेदात ढकलला की वाचकाची फसगत होते.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी पबमेड या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर तोच निबंध पुन्हा उघडा. दुरुस्तीची किंवा मागे घेतल्याची सूचना त्याच पानावर दिसते. मग "याचा संदर्भ देणारे" या यादीतले, दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच प्रथिनावर पण वेगळ्या वंशावर किंवा वेगळ्या विषाणूवर केलेले दोन निबंध निवडा आणि त्यांच्यासाठी तेच पाच रकाने भरा. तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर जे रकाने जुळत नाहीत, त्यांच्यावरच श्रोते प्रश्न विचारतील.